एकशे तेरा की एकशे तेहतीस

४ मार्च
मालकांनी आज सांगून टाकलं — पुढच्या महिन्यापासून प्रूफं कॉम्प्युटर तपासणार. एकवीस वर्षं या छापखान्यात चुका काढल्या, आता मलाच काढणार. शेवटचं पुस्तक म्हणून हातात काय ठेवलं, तर गणित! लेखक निवृत्त प्रोफेसर. मी नववीत गणितात नापास.

६ मार्च
सगळं पुस्तक अविभाज्य संख्यांवर. एक आणि ती स्वतः, याशिवाय तिला कोणाचाच भाग जात नाही. थेट आमच्या जाऊबाई.

७ मार्च
पान अठ्ठ्याऐंशी. प्रोफेसरांची लाडकी संख्या, आठ अंकी. ती अविभाज्य. शेवटचा अंक खोडा — उरते तीही अविभाज्य. पुन्हा खोडा — तीही. असं करत करत एकटा सात उरेपर्यंत. आणि या जातीत हिच्याहून मोठी कोणी नाहीच म्हणे. मला उगाच तिचा अभिमान वाटायला लागला.

पण छापलंय ७३९३९११३. शेवटचा तीन खोडला तर उरतात ७३९३९११. खालच्या ओळीत मात्र ७३९३९१३. हस्तलिखित काढलं. तिथेही वर ११३च. म्हणजे चूक टाइप करणारीची नाही. प्रोफेसरांची.

८ मार्च
जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांनी लिफाफ्याच्या मागे भागाकार मांडला. सातने, अकराने, तेराने. पान गार झालं. मी म्हटलं, आधी तीनने बघा. पुस्तकातच दिलंय — अंकांची बेरीज तीनच्या पाढ्यात आली की संख्येला तीनने भाग जातो. बेरीज छत्तीस! ११३च्या जागी १३३ घेतलं तर अडतीस. ह्यांनी लिफाफा चुरगळला आणि गार भात कालवायला घेतला.

९ मार्च
मालक म्हणाले, कोण भागायला बसणार आहे, सोडा. प्रोफेसर तापट आहेत.

नाही सोडलं. मीच फोन लावला. प्रोफेसरांनी आधी माझं गणित कुठपर्यंत झालंय ते विचारलं. खरं तेच सांगितलं. मग त्यांचा आवाज चढला — चाळीस वर्षं ही संख्या तोंडपाठ आहे, वगैरे. मी म्हटलं, "सर, पानावर आहेत त्या अंकांची बेरीज करा."

बराच वेळ पुटपुटणं.

"छत्तीस," म्हणाले. "एकशे तेहतीस हवं होतं." आणि मग, "तुम्हाला नापास कोणी केलं हो?"

११ मार्च
प्रोफेसर स्वतः छापखान्यात आले. कॉम्प्युटरने ही चूक पकडली असती का, असं मालकांना तोंडावर विचारलं. मालक म्हणाले, तो आकड्यांत लक्ष घालत नाही. मग बाईंना ठेवा, म्हणाले प्रोफेसर.

ठेवलं!

२ एप्रिल
पुस्तक छापून आलं. हजार प्रती. आतला अंक न् अंक बरोबर. मुखपृष्ठावर ठसठशीत लाल अक्षरांत — 'विभाज्य संख्यांचं जग'. पहिला अ गायब. मुखपृष्ठाच्या प्रूफावर तीन सह्या आहेत. मालकांची, प्रोफेसरांची आणि सगळ्यांत वर माझी.