महादू तांबेची शेवटची चढाई

मी, रामेश्वर विष्णू खांबेटे, वय पंचावन्न, व्यवसाय वार्ताहर, मूळचा दाभेगाव, जिल्हा रत्नागिरी येथला, सध्या राहणार डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या अकलेने लिहीत आहे. माझी शुद्ध जाग्यावर असल्याबद्दल डॉ. झारा यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली आणि शंभरातून सात सात वजा करायला लावलं. दोन्ही जमलं. देहाबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. स्वादुपिंडाने तो निकाल परस्पर देऊन टाकला आहे. येणारा उन्हाळा मला दिसणार नाही. इथला उन्हाळा न दिसणं ही शिक्षा आहे, असा कोणी समज करून घेऊ नये.

वकीलबाई म्हणतात, हा मजकूर अरबीत भाषांतर करून नोंदवावा लागेल. भाषांतरकाराबद्दल मला आतापासून वाईट वाटतं. त्याने पहिली चार कलमं उभ्याने करावीत. पाचव्याला चहा घेऊन बसावं.

कलम १. पनवेलचं घर, बँकेतल्या ठेवी आणि नोकरीअखेरची जी रक्कम येईल ती, हे सर्व माझी पत्नी मृणालिनी हिला. तिने सत्तावीस वर्षं माझी वाक्यं ताटावर बसून ऐकली, त्या मानाने ही भरपाई तोकडी आहे. डिस्कव्हरी गार्डन्सचं घर भाड्याचं आहे. ते भिंतीतल्या खिळ्यांसकट मालकाला परत.

कलम २. संस्कृत ग्रंथ, कोश आणि पाठशाळेतल्या माझ्या वह्या मुलगी शुभ्रा हिला. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, व्हेअर विल आय ईव्हन कीप देम?" मी म्हटलं, जागा डोक्यात करायची असते. ती म्हणाली, "दॅट्स फुल टू." तरीही तिलाच. मुलांना नको असलेलं देणं यालाच वारसा म्हणतात.

कलम ३. स्टॉपवॉच आणि पितळी शिट्टी जबल अलीच्या कामगार कॅम्पमध्ये जी मुलं शुक्रवारी कबड्डी खेळतात त्यांना. शिट्टीत वाटाणा नवा बसवून घ्यावा.

कलम ४. रागलोभ. माझ्या लेखांतली विशेषणं कापणाऱ्या सर्व संपादकांना मी क्षमा करतो. ती बहुतेक जादाच होती. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ज्या अध्यक्षांनी गणपतीत मंत्रपुष्पांजली चुकीची म्हटली आणि मी टोकल्यावर "भावना पोचल्या ना" असं म्हटलं, त्यांना क्षमा नाही. बाकी एक जुना हिशेब उरतो. त्यात देणेकरी मीच आहे.

कलम ५. घाटढाल म्हणजे काय, हे शुभ्राला आणि भाषांतरकाराला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. आमचं दाभेगावचं कॉलेज घाटाच्या पायथ्याशी. माणखिंडीचं कॉलेज माथ्यावर. १९६४पासून दर जानेवारीत दोघांत कबड्डीचा एक सामना व्हायचा आणि जिंकणाऱ्याकडे ती लाकडी ढाल वर्षभर राहायची. आम्ही त्यांना घाटी म्हणायचो, ते आम्हाला पेजपिवे. आमचा तांदूळ वर जायचा, त्यांचा गूळ खाली यायचा, आणि सामन्याच्या आठवड्यात दोन्ही थांबायचं.

आमच्या संघात पंचवीस वर्षांत बौद्धवाडीतला एकही खेळाडू नव्हता. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरज पडू नये इतका तो पक्का होता. मग आम्ही ओळीने अकरा वर्षं हरलो. बाराव्या वर्षी क्रीडाशिक्षकांनी महादू गंगाराम तांबे याला संघात घेतलं. पुढे सत्कारांच्या भाषणांत याला पुरोगामी पाऊल म्हणू लागले. मी तिथे होतो. ते पाऊल हरून हरून टेकीला आलेल्या माणसांनी टाकलेलं होतं.

जानेवारी १९९०चा तो सामना. मी गुणलेखक होतो आणि जिल्ह्यातल्या एका दैनिकाचा हौशी वार्ताहरही. शेवटचं मिनिट, आम्ही दोन गुणांनी मागे, महादू चढाईला गेला. माणखिंडीच्या तिघांनी त्याला धरलं: एकाने घोटा, एकाने कंबर, एकाने उजवा हात. त्या तिघांना ओढत तो मध्यरेषेकडे आला आणि डाव्या हाताची बोटं त्याने रेषेपलीकडे टेकवली. खांदा निखळल्याचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. तीन गुण. आम्ही एका गुणाने जिंकलो. मी गुणवहीत रीतीप्रमाणे आमच्या गुणांच्या रांगेतले पुढचे तीन आकडे खोडले, तिघांचे क्रमांक लिहिले, दोन्ही कर्णधारांच्या सह्या घेतल्या.

मग खोलीवर जाऊन मी बातमी लिहिली. सामन्यात आधी दोनदा माणखिंडीची मुलं महादूला धरायला कचरली होती, हे खरं. मला ते फार आवडलं. मी ते उचलून शेवटच्या चढाईला चिकटवलं: "अखेरच्या क्षणी तांबे यांना प्रतिपक्षाने हातही लावला नाही. शिवण्यापेक्षा हरणे त्यांना अधिक पवित्र वाटले असावे."

एकोणीस वर्षांच्या मुलाला वाक्य झोकदार जमलं की ते खरंच असणार असं वाटतं. घाटावरच्यांच्या शिवाशिवीची मी चामडी सोलतोय, अशी माझी समजूत होती. पुण्यातल्या एका साप्ताहिकाने ते वाक्य पुन्हा छापलं. त्या वाक्यावर मला पहिली नोकरी मिळाली. माणखिंडीने रागवायला हवं होतं, तर तेही खूश. कारण आपण हरलो नाही, आपण सोडलं, असं त्यांना म्हणता आलं. सगळ्यांचं भलं झालं. महिन्याभराने विद्यापीठाच्या संघाची निवड होती. निवडकर्त्यांपैकी एक जण माझ्या देखत म्हणाला, "त्याला कोणी धरतच नाही, मग त्याच्या चढाया मोजायच्या कशा?" मी शेजारी बसलो होतो. वही माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही.

महादू पुढच्या जूनमध्ये कॉलेजात आला नाही.

डोळ्यांनी पाहिलेलं पहिलं प्रमाण, कानावर आलेले शब्द त्यानंतर, हे मला पाठशाळेत आठ वर्षं शिकवलं होतं. विसरायला मला एक संध्याकाळ पुरली.

कलम ६. दुबईत आल्यावर दोन्ही कॉलेजांचे जुने विद्यार्थी एकमेकांना सापडले आणि २००७पासून आम्ही तोच सामना इथे, भाड्याच्या बंदिस्त मैदानावर, सुटलेल्या पोटांनिशी पुन्हा सुरू केला. ढाल गावाकडून मागवली. सामन्यानंतर करामा भागातल्या हॉटेलात जेवण असतं. तिथे दरवर्षी माणखिंडीचा त्या वेळचा कर्णधार गुणवंत आनंदराव जगदाळे पेला उचलून म्हणतो, "नव्वद साली आम्ही सोडला म्हणून सुटला." दरवर्षी सगळे हसतात. तेही माझंच वाक्य, फक्त घाटावरून फिरून आलेलं.

२०११ साली आम्ही इथेही हरू लागलो. तेव्हा आमच्या समितीला आठवलं की जबल अलीच्या कॅम्पात कोकणातली खरी खेळणारी मुलं आहेत. त्यांना आणायला बस घेऊन मी गेलो. (त्यांना सामन्याला आणत, जेवणाला नेत नसत. बसची वेळ, असं कारण होतं.) फाटकापाशी रिगरच्या, म्हणजे क्रेनला ओझं बांधणाऱ्याच्या, पिवळ्या जाकिटात महादू उभा होता. एकवीस वर्षांनी.

"महादू, ओळखलंस का?"

"वळाखलं ना. तुम्ही पेपरवाले खांबेटे."

"खांदा कसा आहे?"

"त्याला कोण धरलाच नाय, तर दुखंल कशाला?"

तो उजवा हात खांद्याच्या वर नेऊ शकत नव्हता, हे मला तो बसच्या दांडीला डाव्या हाताने लोंबकळला तेव्हा दिसलं. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, चुकलो. तो म्हणाला, "माझ्या कानात काय सांगताव? पेपरात लिवलंव, पेपरात खोडा."

"खोडतो. इन्शाल्ला."

तो हसला. "खलास. म्हणजे नाय."

त्याचं बरोबर होतं. आधी मी म्हणालो, योग्य प्रसंग येऊ दे. मग ते दैनिक बंद पडलं. मग मी म्हणालो, आता कुठे खोडू? तेरा वर्षं मी दर शुक्रवारी त्याला भेटू शकत होतो. पाचसहा वेळा गेलो, आणि क्रिकेटवर बोललो.

गेल्या ऑगस्टमध्ये शिफ्ट संपवून महादू खोलीवर आला, पाणी मागितलं, आणि ते येईपर्यंत गेला. दाखल्यावर नैसर्गिक मृत्यू असं आहे. त्याच्या खोलीतल्या नागेशने त्याचं सामान बांधलं. पासपोर्टच्या प्लास्टिकमध्ये माझ्या बातमीचं कात्रण निघालं. नागेशने मला विचारलं, "एवढं जपून ठेवलंय म्हणजे चांगलं लिवलं असंल ना?" मी त्याला सांगितलं, की महादूचं नाव छापलेला तेवढा एकच कागद जगात आहे.

कलम ७. महादूची मुलगी प्रज्ञा चिपळूणच्या शाळेत शिकवते. तिने समितीला पत्र पाठवलं: वडिलांचं नाव ढालीवर घाला. समितीने उत्तर दिलं, की ढालीवर फक्त कर्णधाराचं नाव असतं, आणि शिवाय त्या सामन्यात काय झालं ते 'सर्वश्रुत' आहे. हे उत्तर सचिव म्हणून मीच टाइप केलं. सहीही मीच केली.

म्हणून:

(अ) १९९०ची मूळ गुणवही, दोन्ही कर्णधारांच्या सह्यांसह, प्रज्ञा महादू तांबे हिला. ती टपालाने पाठवू नये. मृणालिनीने स्वतः जाऊन द्यावी आणि चहा दिला तर प्यावा.

(आ) ढाल माझी नाही, म्हणून देता येत नाही. पण मी सचिव म्हणून ती आमच्या घरी चपलांच्या कपाटामागे आहे, हे भाग्य. करामातल्या वलीभाईंच्या पाट्यांच्या दुकानातून पितळी पट्टी करून मी ती चार स्क्रूंनी बसवली आहे. तीवर लिहिलं आहे: "१९९०. शेवटची चढाई, महादू गंगाराम तांबे. तिघांनी धरले." पट्टी समितीला काढता येईल. मात्र त्यासाठी रीतसर बैठक घ्यावी आणि स्क्रू कोणी काढला त्याचं पूर्ण नाव इतिवृत्तात लिहावं. आपल्या लोकांना मी ओळखतो. ठराव करतील, स्क्रूला हात कोणी लावणार नाही.

(इ) दुरुस्ती. २२ जानेवारी १९९०च्या बातमीत 'हातही लावला नाही' असे म्हटले होते. ते खोटे आहे. ते मी लिहिले. खोटे आहे हे लिहिताना मला ठाऊक होते. हा मजकूर मुंबईच्या कोणत्याही मराठी दैनिकात जाहिरातीच्या दराने छापावा. बातमीच्या जागेवर माझा आता हक्क नाही.

कलम ८. माझं दहन जबल अलीच्या स्मशानात व्हावं. भाषणं नकोत. या खेपेला तिथून परत यायला मला बस लागणार नाही.

कलम ९. साक्षीदार. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकीलबाई सांगतात, म्हणून गुणवंत जगदाळे याला मी काहीही देत नाही. तो मंगळवारी इस्पितळात आला होता, शहाळं घेऊन. मी त्याला हा कागद वाचून दाखवला.

तो म्हणाला, "रामभाऊ, मरता मरताबी आम्हाला हरवायला निघालास व्हय?"

"हरलात तेव्हाच. नोंद आत्ता करतोय."

"गडी गेला. तूबी चाललास. आता कशाला?"

"तू आहेस ना अजून."

"मग मी काय म्हणू? पस्तीस वर्षं खोटं बोललो म्हणू?"

"खोटं मी लिहिलं, गुणवंता. तू नुसता पेला उचललास."

तो उठला. मग शहाळं तसंच ठेवून गेला. महादूला धरणाऱ्या तिघांपैकी आज हयात आहे तो एकटाच. वही असली तरी लोक म्हणतील, मरणाऱ्याने खाडाखोड केली. या कागदावर त्याची सही नसेल तर प्रज्ञाच्या हातात पिवळ्या कागदापलीकडे काही पडणार नाही. तो आला नाही तर शेजारच्या वॉर्डातला कोणीही साक्षीदार घ्यावा; मृत्युपत्र कायदेशीर होईल. तेवढंच होईल.

हे सर्व मी वाचून पाहिलं. शुद्धलेखन तपासलं. यातलं एकही वाक्य चांगलं दिसावं म्हणून लिहिलेलं नाही. जिथे तसा मोह झाला तिथे खोडलं आहे, आणि खोडलेल्या प्रत्येक जागी आद्याक्षरं केली आहेत.

रामेश्वर विष्णू खांबेटे (सही)
दुबई, दि. २१ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार १: गुणवंत आनंदराव जगदाळे (सही)
रामभाऊ नुसती सही कर म्हणाला होता. चार ओळी लिहितो. मी महादूला कमरेला धरला होता. पाच नंबर मी, घोटा धरला तो माझा भाऊ. सोडला नाही, सुटला. त्या दिवशी घरी गेल्यावर आम्हा दोघा भावांना उंबऱ्याबाहेर थंड पाण्यानं आंघोळ करायला लावली आणि कपडे जाळले. त्या रात्री आमचं ठरलं की आपण धरलंच नव्हतं.

साक्षीदार २: नागेश (सही)
राहणार जबल अली कॅम्प. खेळ मी बघितला नाही. खांदा बघितला आहे.