गायकाच्या खुर्चीवरचं टिश्यूचं पाकीट

शनिवार, संध्याकाळ

१. म्युझियममध्ये काउबॉयच्या चित्रांवरचं व्याख्यान ऐकायला जाण्याआधी, तिथेच नंतर होणाऱ्या गाण्यांसाठी मी पुढची खुर्ची टिश्यूचं पाकीट ठेवून धरली. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉलमध्ये, टेबल धरतो तशी.
२. ती गायकाची खुर्ची निघाली.
३. गायक म्हणजे ऑफिसमधला निखिल. स्वतःची गाणी पहिल्यांदाच लोकांसमोर म्हणत होता. पाकीट पाहून तो उभ्यानेच गायला, एक पाय पायरीवर टेकवून गिटार गुडघ्यावर तोलत.

त्याला पाकीट उचलायला काय झालं होतं? आणि मला? पण सगळे बघत होते.

बाहेर आल्यावर म्हणाला, "अगं, कुणीतरी जागा धरलेली. बसणार कसा?"

मी नुसती मान डोलावली. गाणी संपल्यावर उचललेलं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं.

आत्ता मेसेज पाठवला: "निखिल, पाकीट माझं होतं. गाणी आवडली. पुन्हा ऐकवशील? बसून. बुधवारपर्यंत कळव."