गळलेली ओळ

आबा,

काल छापखान्यातून नव्या कादंबरीचं पहिलं पान तपासायला आलं आणि माझं डोकंच फिरलं. माझं नाव खाली, बारीक खिळ्यांत, आणि वर हे एवढाल्या अक्षरांत तुमचं. सुप्रसिद्ध आख्यानकवी अमुक अमुक यांच्या नातीने लिहिलेली! छापखानेवाल्याला मी मागेच बजावलं होतं की हे पुन्हा चालायचं नाही. तर तो गृहस्थ मलाच समजावतो, "बाई, आजोबांच्या नावावर लोक पुस्तक हातात घेतात. मग पुढं वाचतात ते तुमचंच की." वाचतात कसले! गेल्या खेपेला एका साप्ताहिकानं छापलंय की आजोबांच्या पेटीत निघालेल्या कादंबऱ्या नात आपल्या नावावर खपवते. तुमच्या पेटीत, आणि कादंबऱ्या! ऐकलं असतंत तर तपकीर नाकातच अडकली असती. इतकी वर्षं लिहितेय, तरी माझ्या हाताला कोणी माझा हात म्हणायला तयार नाही. तुमचे नातजावई कचेरीत गेलेत, लेक तिच्या सासरी, आणि या ठाण्याच्या घरात मी एकटीच धुमसतेय. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुमच्यासारखं भांडायला माणूस मला पुन्हा मिळालं नाही.

तुम्हाला आठवतं का, लेकीच्या वेळी मी बाळंतपणाला कल्याणला आले होते? तुमचे डोळे तोवर पार गेले होते, आणि मी आल्या आल्या तुम्ही आईला म्हणालात, "बरं झालं, माझे डोळे सासरहून आले." धुळाक्षरं तुम्हीच गिरवून घेतली होतीत माझ्याकडून, आळीतल्या बायका नाकं मुरडत असताना. जेवण झालं, वामकुक्षी झाली, की तुम्ही ओटीवर झोपाळ्यावर येऊन बसायचे. मी आत माजघराच्या दाराआड पाटावर. बाहेर परका पुरुष असायचा ना, तुमचे ते पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. मी मासिक वाचायची आणि ते आपला अंक मांडीवर उघडून माझ्या वाचण्याबरोबर ओळीखाली बोट फिरवायचे. जन्म गेला होता त्यांचा कचेरीत रुजवात घालण्यात. एकानं अस्सल कागद वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवायचं, अक्षर इकडचं तिकडे झालं की थांबवायचं. पेन्शन झाली तरी बोट काही थांबलं नव्हतं. मी एखादा काना गिळला तरी बाहेरून आवाज यायचा, "पोरी, काना."

त्या मासिकात तेव्हा एक कादंबरी येत होती. लेखकाचं नाव नाही, नुसतं 'एक ठाणेकर'. ती माझी होती, आबा. ठाण्याला दुपारी निवडणं-टिपणं आटोपलं की लिहायची, कचेरीतून आल्यावर इकडून त्याची स्वच्छ नक्कल व्हायची, मग आम्ही दोघं बसून रुजवात घालायचो. इतक्यांदा की सगळी कादंबरी मला तोंडपाठ झाली होती. बाईचं लिहिणं म्हणून नाव घातलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्या धाकानंही घातलं नाही. संपादक तुम्हाला गुरू मानायचा. तुम्ही दोन शब्द लिहून धाडले असतेत की हे बंद करा, तर पुढल्या महिन्यात माझी गोष्ट नाहीशी झाली असती, आणि माझं लिहिणं कायमचं. तुमचं मत तर जगजाहीर होतं. कादंबरी म्हणजे रिकामटेकड्यांचा हुक्का, असं तुम्ही भर सभेत म्हणाला होतात.

आणि तरी पहिल्याच दुपारी म्हणालात, "त्या ठाणेकराचं काढ बघू. काय दिवे लावतोय पाहू."  आपलंच लिहिलेलं परक्याचं म्हणून वाचायचं, तेही तुमच्यापुढं! गोष्ट अशी होती की एका विद्वान म्हाताऱ्यानं सुनेला हौसेनं वाचायला शिकवलं. मुलगा घर सोडून गेलेला. सून म्हणाली, मला शिकवणारीण व्हायचंय, मी मुंबईच्या शाळेत जाते. तर हाच म्हातारा दारात आडवा उभा राहिला. मी वाचतेय आणि तुम्ही झोपाळ्यावरून एकेका शब्दाची सालं काढताय. "हा म्हातारा बोलण्याआधी तपकिरीच्या डबीवर टिचकी काय मारतो सारखा? पोरकटपणा." तेवढ्यात तुमच्याच डबीवर टिचकी वाजली. शिरस्तेदार खो खो हसले. "कविराज, हा ठाणेकर तुमच्या ओटीवर येऊन गेलेला दिसतो!" तुम्ही हसला नाहीत. झोपाळ्याची कडी करकरायची थांबली. मग तुम्ही म्हणालात, "शिरस्तेदार, हे लिखाण वाह्यात आहे. घराघरातल्या सुनांच्या कानात वारं भरेल. उद्या उरलेलं ऐकू. सगळं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. मग संपादकाला पत्र. पोरी, बोरू टोक करून ठेव."

स्वयंपाकघरात आई केळफूल सोलत होती. तेलाचा हात तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. आई तुमच्यापुढं कधी अवाक्षर बोलली नाही, पण माजघरातलं वाचन तिच्या कानावर पडायचंच. "ती डबी तू घातलीस ना त्यात?" मी केळफूल माझ्याकडे ओढलं. "अगं बये, काय करून बसलीस! मामंजींना कळलं तर या घरात तुला पाणी मिळायचं नाही. आणि तुझ्या सासरी?" मी म्हटलं, सासरी तुझे जावईच नकला करतात. तर कपाळावर हात मारून म्हणते, "म्हणजे दोघांनाही खूळ लागलंय!" मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "उद्या पोटात दुखतंय म्हण नि पडून राहा. वाचूच नकोस." मला राग आला, आबा. तिचा नाही, तुमचाच. शिकवलंत कोणी? तुम्ही. आणि पळायचं मी? नाही म्हटलं, वाचणार. पण वीरश्री तोंडापुरती होती. 

दुसऱ्या दुपारी मी पाटावर बसले आहे. शेजारी दौत, बोरू, कोरा कागद. माझीच गोष्ट बंद करायचं पत्र मीच लिहायचंय, तेही सुवाच्य अक्षरात! बाहेर झोपाळा संथ चाललाय. मी वाचतेय. सून गाठोडं घेऊन निघालीय, म्हातारा दारात उभा राहून तिला दूषणं देतोय, अक्षरं शिकवली ती याच्यासाठी का म्हणतोय, आणि ती म्हणते, "मामंजी, वाचायला तुम्हीच शिकवलंत. मी वाचलं, एवढंच झालं." म्हातारा गप्प बसतो. सून पायऱ्या उतरते.

"थांब, पोरी."

शिरस्तेदारांचा आवाज. "हे वाक्य इथं नाही."

मी पानाकडे पाहिलं. खरंच नव्हतं. म्हातारा विचारतो, आणि पुढल्याच ओळीत म्हातारा गप्प. मधलं सुनेचं बोलणंच छापलेलं नाही. तिथं पानावर डोळा नव्हताच माझा, तोंडपाठच म्हणत चालले होते. "पुन्हा वाच बघू," शिरस्तेदार म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं, आपलंच बोट चुकलं. मी कसलं वाचतेय!  स्वयंपाकघरात आईच्या हातातून काहीतरी पडलं. पोटातली लेकसुद्धा उसळली माझी. आणि झोपाळा थांबला होता.

"शिरस्तेदार, आज पुरे," तुम्ही म्हणालात. त्यांनी पगडी उचलली आणि ते निघून गेले. मी दाराआडून हललेच नाही. वाटलं, आता ओरडाल, आई मध्ये पडेल, मग आळी गोळा होईल. तुम्ही आपली काठी चाचपून घेतलीत. मग म्हणालात, "ते वाक्य कोणी गाळलं? संपादकानं, की खिळे जुळवणाऱ्यानं?" मी म्हटलं, "ठाऊक नाही, आबा." एवढंच. तुम्ही काठी टेकत आत गेलात.

त्यानंतरचे दिवस मला आठवूसुद्धा नयेत असे गेले. तुम्ही वाचायला बोलावलं नाहीत. ताट मी वाढलं तर हात मागं घ्यायचे. शिरस्तेदार यायचे, कुणी बोलायचं नाही, ते तपकीर ओढून परत जायचे. आई मला ठाण्याला परत धाडायच्या गोष्टी करू लागली, त्या अवघडलेल्या स्थितीत! आणि मी मनात ठरवूनही टाकलं होतं की पुढल्या भागात, मुंबईच्या होडीसाठी खाडीवर गेलेल्या सुनेला माघारी आणायची, म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवायला लावायची, नि सुटायचं एकदाचं.

मग एका सकाळी हाक आली. "बोरू घेऊन ये." मी कागद मांडला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तुम्हाला दिसायचं नव्हतं हे एक बरं होतं. तुम्ही सांगू लागलात आणि मी लिहू लागले. संपादकांस आशीर्वाद, विशेष. आपल्या मासिकात 'एक ठाणेकर' यांची गोष्ट येते, ती आमच्या रुचीची नाही. इथं तुम्ही थांबलात, डबीवर टिचकी मारलीत. आता येणार, म्हटलं. आणि तुम्ही सांगितलंत, "तथापि गेल्या अंकात सुनेच्या तोंडची एक ओळ गळली आहे. त्या ओळीवाचून म्हातारा उगाच गप्प बसतो. म्हातारे उगाच गप्प बसत नाहीत. सबब शुद्धिपत्र छापावे. ओळ सोबत देत आहे." बोरू माझ्या हातातच राहिला. "काय ती तुझी ओळ, ती घाल तिथं," तुम्ही म्हणालात, "आणि रडून कागद भिजवू नकोस. पुन्हा लिहावा लागेल." शाबासकीचा एक शब्द नाही. वर बजावलंत, "गोष्ट वाह्यातच आहे. पण अर्धवट छापलेली वाह्यात गोष्ट मला खपायची नाही. आणि नाव घालायचं तर स्वतःचं घाल. माझं नाव त्या हुक्क्याला बांधशील तर खबरदार."

म्हणून हो, म्हणून काल त्या छापखानेवाल्याला मी फाडून खाल्लं. त्याला वाटतं बाईला गर्व झालाय. तुमची आज्ञा आहे ती, हे त्याला कसं सांगू?

दुपारचं वाचन पुन्हा सुरू झालं, पण छापलेली गोष्ट एवढ्यावरच थांबली होती. सून कल्याणच्या बंदरावर उभी, ओहोटी लागलेली, होडीचा तांडेल घाई करतोय. रोज तुम्ही डिवचायचे, "बसते का गं ती होडीत?" आणि मी लेखिकेच्या तोऱ्यात म्हणायची, "अंक येऊ द्या, आबा." मग मी बाळंत झाले. अंधारी खोली, शेगडी, दाराला पडदा. बाळंतिणीनं वाचायचं नाही, डोळे जातात. नवा अंक आला तो तसाच ओटीवर पडून राहिला. शिरस्तेदार म्हणाले, मी वाचून दाखवतो. तुम्ही म्हणालात, "तुम्ही रुजवात घालाल, शिरस्तेदार. गोष्ट तिच्याच तोंडून ऐकीन." एकदा काठी टेकत खोलीच्या दाराशी आलात नि पडद्याबाहेरूनच म्हणालात, "नुसतं एवढंच सांग. बसते का?" लेक पाजत होते. मी हसून म्हटलं, "थांबा की थोडं, बाहेर आले की सगळं वाचून दाखवते." माझा सव्वा महिना संपायच्या आत तुम्ही गेलात. मला पडदा बाजूला करून तुमचं शेवटचं दर्शन लांबूनच घडवलं.

त्या अंकात काही नव्हतं, आबा. पुढचा भाग मी लिहिलाच नव्हता. तिला माघारी आणायचं तुमच्या त्या पत्रानंतर माझ्याच्यानं होईना, आणि होडीत बसवायचं धैर्यही होईना. पडद्याआडून तोरा मिरवला, पण तुम्ही विचारत होतात ते मलाच माहीत नव्हतं. हे पत्र धाडायचं कुठं, ते चुलीत जाईल किंवा पेटीत. पण एवढं सांगते. बाहेर आल्यावर पहिलं काम तो भाग लिहायचं केलं.

बसली ती, आबा. होडीत बसली.