निळी मोटार पुसली तो दिवस

मुक्काम कापूरहोळ
ता. ३ फेब्रुवारी १९३८, गुरुवार

चिरंजीव चिमाजी यास आई सोजराबाईचा आशीर्वाद. हितं आज सकाळपातूर सगळी धड हैत. तुमी तिकडं खडकीत धड असाल तर दोन ओळी लिवायला हात मोडत न्हाईत. अक्षर वाकडं आलं तर हसू नको, तुझ्याच पाटीवर गिरवून शिकलेलं हाय. तारीख हॉटेलातल्या भिंतीवर बघून घातली.

गेल्या कागदात तू लिवलंस, मेंढरं राखणाऱ्यांनी लोकांच्या मोटारी पुसायच्या म्हंजे लाज सोडली. तुझी लाज तुझ्यापाशी ठेव, हितं तिची भाजी होत न्हाई. तुझा पोरगा नाथा बावीस वर्षांचा झाला. दोन वर्षं तुझ्या कारखान्यात चिकटतो का बघितलंस, चिकटला न्हाई. आता आपल्या हातानं काही उभं करतोय तर कर म्हणायला तुझ्या तोंडाला काय झालं?

भांडवल काय, तर एक मेंढी विकली आणि नसरापूरच्या बाजारातनं जुनी सायकल आणली. दोन्ही अंगाला राकेलचे रिकामे डबे टांगले. एकात पाणी, एकात सामान. सामान म्हंजे रिठे, चिंच, जवसाचं तेल, पोळ्याचं मेण आणि कोकराची पहिली लोकर. पुण्याच्या ड्रायव्हरांना वाटतं विलायती डबाच पायजे. एकानं असल्याच डब्यातलं काही लावून जाड्याभरड्या फडक्यानं घासलं आणि मालकाच्या गाडीला वरबाडे काढले, मग रडत आमच्याकडं आला. कोकराच्या लोकरीनं वरबाडा उठत न्हाई. तिच्यात अंगचं तेल असतं, रंगाला चमक येती. हे मला कुणी शिकवलं न्हाई. जन्म लोकरीत गेला, तेवढं कळतं.

गिऱ्हाईक दारात यायची वाट बघायची न्हाई, ही अक्कल नाथाची. भाटघरच्या बंगल्यावर साहेब उतरला की नाथा तिथं. उत्रोलीच्या लग्नाला दोन मोटारी आल्या, जेवणं उरकायच्या आत नाथानं दोन्ही आरशागत करून ठेवल्या. कापूरहोळच्या फाट्यावर गाड्या पाणी घ्यायला थांबतात, तिथं मी. मी चिंचेनं पितळ घासते आणि ड्रायव्हरांना चार शब्द सुनावते. दोन्ही त्यांना आवडतं.

आज दुपारी एक निळी मोटार आली. म्हंजे आली न्हाई. सावळाराम म्हणून तिचा ड्रायव्हर चालत आला आणि म्हणाला, गाडी खालच्या ओढ्यात उभी हाय, तिथं चला. मालक पुण्याचा बडा माणूस, वेल्ह्याच्या डोंगरात शिकारीला गेलेला. आता वेल्ह्यावरनं पुण्याला जायचं तर नसरापुरावरनं वर जायचं, हे उलटे खाली कशाला आले ते त्यांचं त्यांना ठाऊक. म्होरचा एक दिवा फुटलेला, मडगाड चेपलेलं, आणि रगत. सावळाराम म्हणाला, मेंढरू आडवं आलं.

म्या विचारलं, मेलं का. म्हणाला, पळालं.

“एवढं सांडून पळालं म्हंजे लई दमाचं मेंढरू, बाबा,” म्या म्हटलं. तो हसला न्हाई. मालक लांब दगडावर पाठमोरा बसलेला. नाथा चाकं धूत होता, म्या म्होरची बाजू घेतली. चांगली पुसली. मालकानं येऊन बघितलं, दोनदा वाकून बघितलं, आणि म्हणाला, फुडं कायमचं काम तुमालाच. नाथाला केवढा आनंद.

तू म्हणशील, आई एका मोटारीचं एवढं काय लिवत बसली. असंच.

बयाचा नवरा मेंढरं घेऊन सध्या कुठल्या रानात बसलाय, तुला काही कळलंय का? हैबती तुझा मेव्हणा हाय, त्याला कधी तरी कागद टाकत जा. गेल्या महिन्यात नसरापूरच्या बाजारात भेटला होता. वेल्ह्याच्या रस्त्याला बसणार म्हणत होता. कुठं ते म्या नीट विचारलं न्हाई.

कागद उद्याच्या टपालात टाकते.

सोजराबाई


मुक्काम बयाचा मेंढरांचा वाडा, वेल्ह्याच्या वाटेला
ता. १२ फेब्रुवारी, शनिवार

चिमाजी यास आईचा आशीर्वाद.

तार पोचली असूनबी तू आला न्हाईस. कारखान्यानं सोडलं न्हाई असं लिवलंस. बरं. आज हैबतीचा दहावा झाला. कावळा लगेच शिवला, बया म्हणाली एवढी घाई कशाची होती त्यांना.

काय झालं ते तुला नीट कुणी सांगितलं नसंल. बेस्तरवारी, म्हंजे मी तुला कागद लिवत होते त्याच दिवशी, दिवस मावळताना भिमाला तो सापडला. भिमा त्याच्या शेजारी मेंढरं बसवणारा. रस्त्याच्या खाली घळीत पाण्यापाशी पडलेला, कुत्रं उशाशी. भिमानं हात लावला तर अंग कोमट होतं. रस्त्यापासनं पाण्यापातूर मातीत कोपरं घासल्याच्या खुणा. एक पाय कामातनं गेलेला, तसा सरपटत गेलेला.

लोक म्हणतात, उतारावरनं पडला. फौजदाराची माणसं आली. एकानं म्हटलं ही जागा संस्थानच्या हद्दीत, दुसऱ्यानं म्हटलं इंग्रजी हद्दीत. दोघांनी दोन बाजूंनी शिवेचा दगड हुडकला, चहा घेतला आणि पडून मेला असं लिवून गेले. बया त्यांच्या म्होरं जाऊन म्हणाली, “डोळं मिटून चाललं तरी ते ह्या उतारावर पडायचे न्हाईत.” तिला कोण विचारतो.

त्याच्या घोंगड्याचं एक टोक फाटून गेलंय. काठाच्या दशांसकट. बया ते शोधतीया. रोज सकाळी उठून रस्त्याच्या कडंनं जाती, झुडपं हलवून बघती. म्या म्हटलं, चिंधी मिळून काय करणार. म्हणाली, आई, कुठं फाटलं ते कळलं की कुठं पडले ते कळंल. मी बी तिच्या मागनं झुडपं हलवली.

आता दुसरं. परवा निळी मोटार फाट्यावर पुन्यांदा आली. मी हितं बयापाशी, नाथा एकटाच होता. सावळारामानं मावशी कुठं म्हणून विचारलं, तर नाथानं भाबडेपणानं सगळं सांगितलं. आत्याचा नवरा गेला, वेल्ह्याच्या रस्त्याला, त्याच बेस्तरवारी. सावळाराम मालकापाशी जाऊन काहीतरी बोलला. मग मालक स्वतः खाली उतरला, नाथाच्या खांद्यावर हात ठेवला, लई वाईट झालं म्हणाला. आणि पुण्याला माझ्या बंगल्यावर चल, तीन मोटारी हैत, तिन्ही तूच बघ, राहायला खोली देतो, असं म्हणाला. आत्ताच चल, बस.

नाथा उभ्या उभ्या मोटारीत बसून गेला. सायकल हॉटेलात ठेवली आणि मला निरोप ठेवला. पोचलो की कार्ड टाकतो म्हणाला. चौथीपातूर शिकवलंय, कार्ड टाकायला काही अडचण न्हाई.

तू खडकीत, बंगला पुण्यात. रविवारी जाऊन बघून ये. उगाच म्हणत न्हाई. जाऊन ये.

तुझी आई
सोजराबाई


मुक्काम कापूरहोळ
ता. २४ फेब्रुवारी, गुरुवार

चिमाजी,

तुझा कागद कालच्या टपालानं आला. बंगल्यावर गेलास, फाटकावरच्या गड्यानं सांगितलं की नाथा मालकांबरोबर बाहेरगावी गेलाय, तू परत आलास. कुठल्या गावी ते विचारलं न्हाईस. मालक कुठं हाय ते मला विचार. मालक सोमवारी नसरापूरच्या बाजारात निळ्या मोटारीत बसलेला भिमानं डोळ्यांनी बघितला. नाथा संगं नव्हता. कार्ड अजून आलं न्हाई. आज चौदा दिवस झाले.

काल सावळाराम माझ्याकडं आला. मोटार न घेता, स्टँडावरच्या सर्व्हिस गाडीनं. पाणी दिलं, प्याला न्हाई. म्हणाला, मावशी, त्या दिवशी ज्यांनी मोटार पुसली ती फडकी, ती लोकर, हाय का? म्या विचारलं, मालकाला फडक्यांची कमी पडली का. म्हणाला, मालकानं मागितलीत. म्या सांगितलं, चुलीत घातली. मग त्यानं विचारलं,

“तुमाला लिवता येतं का, मावशी?”

“अंगठा लावते,” म्या म्हटलं.

त्याचा जीव जरा खाली बसल्यागत झाला. नाथा कुठं हाय विचारलं, तर नुसता उठला. दारातनं वळून म्हणाला, “त्याला कामाला मी लावलं न्हाई, मावशी. एवढं ध्यानात ठेवा.” आणि गेला. घाबरलेला माणूस म्या पुष्कळ बघितलाय. हा मला घाबरला नव्हता.

आता जे आधीच्या दोन कागदांत लिवलं न्हाई ते लिवते. एकदाच लिवीन, नीट वाच.

त्या दिवशी दिव्याच्या खोबणीत लोकर अडकलेली होती. नाथानं लांबनं बघितली आणि खरंच मेंढरू म्हणाला. म्या हातात घेतली. मेंढराच्या अंगावरची लोकर मोकळी असती, चिकट असती, बोटाला तेल लागतं. ही पीळ दिलेली होती. वर चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली. मेंढरू खळ लावून हिंडत न्हाई, चिमाजी. ते घोंगडं होतं, आणि घोंगड्यात माणूस असतो.

हे मला बोटं लावल्या लावल्या कळलं. दशांना गाठ होती. मी मारते तशी दुहेरी. म्या मनाला सांगितलं, तसली गाठ बारा वाड्यांत मारतात. सांगितलं आणि पुसायला लागले. दिव्याच्या मागं बोट जात न्हाई तिथं काडीला लोकर गुंडाळून पुसलं. मालक बघत होता. धंदा नवा होता, नाथा पहिल्यांदाच शीळ घालत काम करत होता, आणि कायमचं गिऱ्हाईक म्होरं उभं होतं. एवढंच. दुसरं काही कारण न्हाई. असतं तर लिवलं असतं.

ती दुपार होती. भिमाला तो दिवस मावळताना सापडला, आणि अंग कोमट होतं. मी पुसत होते तवा हैबती पाण्याकडं सरपटत होता. म्या नाथाला हाक मारली असती, नाथा सायकलीवर गेला असता. त्या रस्त्याला मोटारीच्या चाकांचे माग ताजे होते, हुडकायला लागलं नसतं. मी रोज हा हिशोब करते. रोज नाथा वेळेवर पोचतो.

ते टोक चुलीत घातलं न्हाई. माझ्यापाशी हाय. बयानं शोधायचं म्हणून सगळा रस्ता पालथा घातला, चार दिवस मी तिच्या मागनं चालले, झुडपं हलवली, आणि ते माझ्या कमरेला चंचीत होतं.

मालकाला वाटतं नाथाला ठाऊक हाय. नाथाला काडीचं ठाऊक न्हाई, पण हे सांगितलं तरी मालकाला पटणार न्हाई. म्हणून हे करायचं. कारखान्यात तुझ्याबरोबरचे धा जण घे. एकटा जाऊ नको. दिवसाउजेडी जा, फाटकावर उभे राहा आणि पोराच्या नावानं मोठ्यानं हाका मारा. आजूबाजूच्या बंगल्यांतनं माणसं बाहेर आली पायजेत. गडी बाहेरगावी म्हणाला तर गाव विचार, घर विचार, तिथं जा. हळू बोलायचं न्हाई. हळू बोलणारा माणूस त्याला हवा असतो.

मी मंगळवारपातूर थांबते. कागद पोचायला दोन दिवस, तुला रजा मिळायला एक, रविवार तुझाच हाय. मंगळवारी सकाळी मी बयाच्या वाड्यावर जाणार, ते टोक तिच्या हातात देणार आणि वर लिवलं ते सगळं तोंडानं सांगणार. मग तिला घेऊन भोरच्या कचेरीत. तिथं हद्द न्हाई म्हणाले तर नसरापूरला. तिथं न्हाई म्हणाले तर बाजारात उभी राहून बोलीन. एकदा चारचौघांत बोललं की नाथाला दडवून मालकाचा काही फायदा न्हाई. तवर मात्र हाय. तू लिवशील, नाथा हाताला लागंस्तवर गप राहा. न्हाई राहणार. गप राहून काय होतं ते म्या बघितलंय.

सावळाराम पुन्हा आला, किंवा दुसरं कुणी आलं, आणि मंगळवारी मी वाड्यावर पोचले न्हाई, तर हाच कागद बयाला वाचून दाखव. वगळून वाचू नको. दिव्याच्या मागं काडी घातली तेसुद्धा वाच.

मंगळवारपातूर तुझी आई, फुडं बया ठरवंल ती,
सोजराबाई