जिथून वर्कशॉप दिसतं

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

ती. काका,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुम्हीही ठीक असाल. म्हणजे आहात, हे मला माहीत आहे. कसं, ते पुढे लिहिते.

"यापुढे मी तुझं तोंड बघणार नाही, दादा." हे वाक्य तुम्ही पायरीवर उभे राहून म्हणालात तेव्हा मी दाराआड होते. माझा एक मोजा पायात होता, दुसरा हातात. बाबा काय उत्तर देतात म्हणून मी कान देऊन थांबले. ते म्हणाले, "बरं." बस्स. जणू उद्यापासून दूध नको, असं कोणी सांगितलं होतं.

आजी गेली तेव्हा तुम्ही बाहेरगावी पुलाच्या कामावर होतात आणि बाबांनी तुम्हाला वेळेत कळवलं नाही. चूक कोणाची, हा खटला मी उघडत नाहीये. बाबा त्याबद्दल उभ्या आयुष्यात माझ्याशी एकदाच बोलले. "मला वाटलं, ती उठेल," एवढंच.

घाबरू नका, शिष्टाई करायला लिहीत नाहीये. (हे खोटं आहे. पण पत्राच्या सुरुवातीला तरी खरं धरा.) मला एक गोष्ट सापडली आहे आणि ती माझ्यापेक्षा तुमच्या मालकीची आहे असं वाटतं. सोबत घडी करून ठेवलेला कागद आत्ताच उघडू नका.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशांच्या विभागात आहे. जमिनीखालचे पाइप, व्हॉल्व्ह, टाक्या, सगळं कॉम्प्युटरवरच्या नकाशात चढवायचं आणि कुठे काय फुटलं ते सांगायचं. रुक्ष वाटतं ना? मलाही वाटायचं. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले आणि त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. त्याबद्दल नंतर. तेव्हा मनात आलं की आपण जिथे जिथे राहिलो ती सगळी घरं एका नकाशावर मांडावीत. बिऱ्हाडं बदलण्यात आमचा हात धरणारं कोणी नव्हतं. गळकं घर, बेकरीवरचं घर, दमाचं घर (जिने चढून आईला दम लागायचा ते), शिवाय ज्यांना नावं पडण्याआधीच आम्ही निघालो अशी आणखी काही.

आता त्यातली निम्मी पाडली गेली आहेत, गल्ल्यांची नावं बदलली आहेत. म्हणून मी ऑफिसातून गावाचा जुना नकाशा आणि विमानातून काढलेले जुने फोटो मिळवले. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा तर दोन्हींत न हललेल्या जागा शोधाव्या लागतात. त्या एकमेकींवर टाचल्या की कॉम्प्युटर बाकीचा कागद ताणून, पिळून बरोबर बसवतो. न हललेल्या जागा शोधायला बसलं की कळतं, गाव किती हलतं. मला मिळाल्या त्या अशा: जुना पूल, टेकडीवरचा खडक, दगडी टाकी. आणि नदीपलीकडच्या वळणावर एक पत्र्याचं छप्पर, एका कोपऱ्यात कापलेलं.

तुमचं वर्कशॉप, काका. आमची सगळी बिऱ्हाडं मी तुमच्या छपराला टाचून बसवली, आणि तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलंही नाही.

मग बाबांना एकेक घर विचारायला लागले. गंमत बघा. खोल्या किती होत्या, ते विसरलेत. भाडं, घरमालक, शेजारी, सगळं विसरलेत. पण प्रत्येक घराची सुरुवात एकाच गोष्टीने. "खिडकी उत्तरेला होती." "खिडकी जिन्यापाशी, जरा तिरकी." मी प्रत्येक घराच्या ठिपक्यापाशी खिडकीचा छोटा बाण काढत गेले. अंगणात दाणे टाकल्यावर चिमण्यांची तोंडं एका बाजूला वळतात ना, तसे ते बाण दिसायला लागले. गावभर पसरलेले, आणि सगळे एकीकडे वळलेले.

आमच्याकडे एक सोय असते. नकाशात जमिनीचे चढउतार भरलेले असतात. आपण एका जागेवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ही जागा कुठून कुठून दिसते? कॉम्प्युटर त्या जागेतून सगळीकडे नजर सोडतो. मधे टेकाड आलं, इमारत आली की ती नजर तिथे थांबते. जिथवर पोचते तो भाग पिवळा, बाकीचा काळा. नवीन टाकीतली पाण्याची पातळी कळवणारा सिग्नल कुठवर जाईल हे बघायला आम्ही ते वापरतो. शेजारच्या टेबलावरच्या ड्राफ्ट्समननी विचारलंही, "मॅडम, ही कुठली टाकी? कागदावर तर नाही."

"आमच्या काकांची," म्हटलं.

"काकांना टाकी मंजूर झाली? आम्ही नळासाठी अर्ज करून थकलो."

मी हसले आणि बटण दाबलं. नकाशा काळा झाला आणि तुमच्या छपरापासून पिवळा रंग नदीवरून चढत अलीकडच्या उतारावर पसरत गेला. काका, मी रोज हे बघते. तरी त्या दिवशी माझा हात माउसवर तसाच राहिला. गळकं घर पिवळ्यात. बेकरीवरचं घर पिवळ्यात, पण समोर नंतर उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतीची उंची घातली की काळं; आणि ती झाली त्याच साली आम्ही ते घर सोडलं होतं. तेव्हा आई म्हणाली होती, "आत्ता कुठे समोर चांगली दुकानं येतायत, आणि आपण निघालो!"

दमाचं घर मात्र काळ्यात पडलं. मी खट्टू झाले. मग लक्षात आलं की मी जमिनीवरून बघतेय. आम्ही तर तिसऱ्या मजल्यावर होतो. उंची वाढवली. दुसऱ्या मजल्याला काळंच. तिसऱ्याला तो ठिपका पिवळा झाला.

खालचा मजला रिकामा होता, काका. स्वस्तही होता. आई बिचारी कितीदा म्हणाली असेल.

घर बघायला गेलो की आई नळ सोडून बघायची, भिंतींना हात लावायची. बाबा सरळ खिडकीशी. "लोक पाणी येतं का ते बघतात," आई म्हणायची, "आणि हे ढग बघतात."

एकच घर तिन्हीत्रिकाळ काळं राहिलं. तळमजल्याचं, मागे मोकळी जागा असलेलं. आईने तिथे भाजी लावली होती, वाफे केले होते. जेमतेम पहिली कोवळी पानं आली आणि बाबा म्हणाले, "इथे जीव रमत नाही." आई तेव्हा रडली नाही, पण पुढे शेवटपर्यंत त्या घराला 'माझं घर' म्हणत राहिली. बाकीची सगळी नुसती घरं. त्या काळ्या डागाकडे बघताना मला बाबांचा रागही आला, खोटं कशाला सांगू. तिला सांगितलं असतं तर तिने वाफ्यांसकट बिऱ्हाड हलवलं असतं. पण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

आता कागद उघडा. बाण म्हणजे आमच्या खिडक्या. पिवळं म्हणजे तुमचं वर्कशॉप दिसतं तो भाग. बाकी तुम्हाला समजेल.

आणि मला मागचं एकेक समजायला लागलं. दिवेलागणीला बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. पलीकडच्या काठावर तुमच्या वेल्डिंगचा निळा लखलखाट व्हायचा, आम्हाला तो विजेच्या तारांचा वाटायचा. मग ते उठायचे. "चला, काम चालू आहे," म्हणायचे आणि जेवायला यायचे. आई म्हणायची, "काम चालू आहे ते माझं! ताटं घ्या." हे रोज. मला वाटायचं, ही बाबांची बोलण्याची सवय आहे, जशी काही लोकांना 'म्हणजे बघा' म्हणायची असते.

बाजारात तुम्ही लांबून दिसलात की ते गल्ली बदलायचे. मी इतकी वर्षं त्याला राग समजत होते. तुम्ही तोंड बघणार नाही म्हणालात आणि ते 'बरं' म्हणाले. मग आपलं तोंड तुमच्यासमोर येऊ नये याची काळजी त्यांनी घेतली. पण त्यांनी तुमच्याकडे बघायचं नाही, असं कुठे ठरलं होतं? ठरलं नव्हतं, तेवढं त्यांनी धरून ठेवलं.

मी हा फ्लॅट घेतला तेव्हाही बाबा बघायला आले होते. पाचवा मजला, दुपारभर ऊन. मी नाही म्हणणार होते. ते खिडकीशी गेले आणि म्हणाले, "घेऊन टाक." बिल्डरचा माणूस म्हणाला, "आजोबांना व्ह्यू आवडला!"

आता डोळ्यांचं. इतका वेळ टाळलं.

बाबांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. कडेकडेचं अंधुक दिसतं. म्हणजे समोर माणूस उभा असला तर त्याच्या कानामागची भिंत दिसते, दाराची चौकट दिसते, पण तोंड तेवढं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. बाबा म्हणाले, "बरं."

अजून ते खिडकीशी बसतात, पण मला हाक मारतात. "दिसतंय का गं?" पहिल्यांदा मी विचारलं, काय? "काही नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत तेच. आता मला माहीत आहे काय ते, आणि मी सांगते, "दिसतंय." मग ते उठतात, भिंतीला हात लावत जेवायला येतात.

पण काका, गेल्या काही आठवड्यांत पलीकडे काही चमकत नाही. मी तरी रोज सांगते, दिसतंय. एकदा मी हे जरा घाईनेच सांगितलं असावं. बाबा उठले नाहीत. "नीट बघून सांग," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी सरळ पूल ओलांडून आले. तुमचं शटर अर्धं उघडं होतं. तुम्ही लोखंडी पिंपावर बसून चहा पीत होतात, डाव्या मनगटाला पट्टा बांधलेला. वेल्डिंग का बंद आहे ते कळलं. हाक मारावीशी वाटली, पण धीर झाला नाही. घरी येऊन बाबांना म्हटलं, "काम चालू आहे." त्यांनी विचारलं नाही, तुला कसं माहीत. फक्त माझा हात धरून थोडा वेळ बसले.

नकाशा मी त्यांना दाखवलेला नाही. दाखवून दिसणार नाही, आणि त्यांना त्यात नवीन काही कळायचंही नाही. तो मी तुमच्यासाठीच छापला.

लहानपणी तुम्ही वेल्डिंगचं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवायचात, आठवतं? काळ्या काचेमागून मला काहीच दिसायचं नाही. तुमचा आवाज तेवढा यायचा, "काय दिसतं, ठिणगी?" काही नाही, म्हणायचे मी. "थांब." मग चर्र व्हायचं आणि त्या काळोखात एक हिरवा सूर्य उगवायचा. त्यानंतर तसं मला त्या दिवशी ऑफिसात पहिल्यांदा झालं, त्या पिवळ्या रंगाने.

म्हणून एक मागते. तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत आहे, शब्दाचे तुम्ही दोघेही तसलेच. तरी मागते. एका संध्याकाळी या. पाचवा मजला आहे, पण लिफ्ट आहे. शब्द मोडू नका. ते हेल्मेट घालूनच या आणि जाईपर्यंत काच वर करू नका. त्यातून तुम्हाला त्यांचं तोंड दिसणार नाही, आणि त्यांना तुमचं तसंही दिसत नाही. मी हात धरून तुम्हाला खुर्चीपर्यंत नेईन. बोलू नका हवं तर. नुसते त्यांच्या शेजारी, खिडकीशी बसा.

अजून दाराआडच उभी असलेली,
तुमची ठिणगी