मुंगीची वजाबाकी

११ फेब्रुवारी

गणिताचं पुस्तक संपलं. पहिलीचं, अख्खं. जूनपर्यंत पुरवायचं होतं. मुंगीने शेवटची बेरीज केली, बाबासारखी पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाली, "आता काय?"

आता काय — मलाच ठाऊक नाही. ऑक्टोबरात तिला शाळेतून काढली. रोज सकाळी पोटात दुखायचं, शाळेच्या गाडीचा हॉर्न ऐकला की उलटी. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. शेवटी काढलीच. सहा वर्षांची पोर, नावाप्रमाणेच मुंगी. तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, घरी शिकवीन, सावकाश, तिच्या कलाने. आणि ही तर पळतेय.

नवऱ्याला विचारलं. लिफ्टची दुरुस्ती करून आला होता, कोपरापर्यंत ग्रीस. हात धुता धुता म्हणाला, "येतंय ना तिला? मग अडवतेस कशाला? दुसरीचं आण."

बरं. आणते.

१३ फेब्रुवारी

दुसरीचं आणलं. पहिल्याच धड्यात दोन अंकी वजाबाकी, दशक सुटा करून. मला घाम फुटला, तिला नाही.

संध्याकाळी नणंदेचा फोन. ताई प्राथमिक शाळेत शिकवतात, बावीस वर्षं तेच काम. त्यांना अभिमानाने सांगायला गेले तर म्हणाल्या, "एवढी घाई कशाला गं? दहाच्या आतलं पक्कं झालंय का ते बघ आधी. हातात काहीतरी दे, मोजू दे. कागदावर फार लवकर नेऊ नये."

म्हणजे मागे जायचं? की पुढे? एक जण म्हणतो अडवू नकोस, एक म्हणते थांब. दोघंही मनापासून सांगतात, हीच पंचाईत.

१६ फेब्रुवारी

मागे गेलो. नवऱ्याच्या पेटीतले वायसर काढले — बोल्टखाली घालतात त्या लोखंडी चकत्या. मुंगीने दहाच्या आतल्या बेरजा चटाचट करून टाकल्या आणि विचारलं, "आई, आपण परत का चाललोय?"

वायसर पेटीत. पुन्हा दुसरीचं पुस्तक.

२० फेब्रुवारी

आज अंकलेखन. एकोणतीस सांगितलं, तिने ३९ लिहिलं. "तीस ऐकू आलं ना? म्हणून तीन."

मी समजावलं की एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. ती विचार करून म्हणाली, "म्हणजे आधी तीसपर्यंत जायचं आणि मग उलटं यायचं? त्यापेक्षा अठ्ठावीसच्या पुढचं असं म्हणायचं ना." पंचवीसबद्दलही तिची तक्रार आहे. ऐकताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. हे कुणी ठरवलं, असं विचारत होती. मी आयुष्यभर म्हणतेय आणि माझ्या हे कधी लक्षातही आलं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढे. मी काही न बोलता तिच्याकडे बघत होते. तिने वर पाहिलं, रबर घेतला, ३ खोडून २ केला. स्वतःची चूक स्वतः! छापखान्यासाठी मी इतकी वर्षं प्रुफं तपासते, मोठमोठे लेखक हे करत नाहीत.

२७ फेब्रुवारी

त्रेचाळीस वजा सतरा. बरोबर. नवरा जिन्यात शेजाऱ्यांना सांगत होता.

९ मार्च

लिहू की नको.

ताई दोन दिवस राहायला आल्या. जेवणानंतर मुंगीला घेऊन जमिनीवर बसल्या. सात वायसर मोजून घेतले तिच्याकडूनच. मग काही वाटीखाली झाकले, बाहेर चार राहिले. "वाटीखाली किती?"

मी ओट्याशी भांडी पुसत होते, पाठमोरी. मला सोपं वाटलं. हसूही आलं, की दुसरीचं पुस्तक करणाऱ्या पोरीला हे काय विचारतात.

"चार," मुंगी म्हणाली. मग "पाच?" मग "दोन? सहा?"

बाजारात भाव करतात तशी एकेक आकडा टाकून बघत होती. ताई शांतपणे म्हणाल्या, "घाई नाही. विचार करून सांग."

"आईला विचारून येते."

मुंगी बाल्कनीत गेल्यावर ताई ओट्याशी आल्या, फडकं घेऊन माझ्याबरोबर ताटं पुसायला लागल्या. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, "हिला काही येत नाहीये गं. सातातून चार गेले की किती, तेही नाही. तुला कळलं कसं नाही?"

टोमणा नव्हता. खरंच कळत नव्हतं त्यांना. मलाही.

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "तू तर म्हणत होतीस येतंय." मी म्हणाले, "तूच म्हणालास पुढे जा."

१० मार्च

सकाळी तीच वाटी, तेच वायसर. मी झाकले, मी विचारलं. तिने माझ्याकडे बघून सांगितलं — तीन. आठातले पाच झाकले. पाच. नऊतले दोन. दोन. एकही चूक नाही!

मग काल काय झालं? घाबरली असेल. शाळेतल्यासारखं वाटलं असेल. नवऱ्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "ताई काय वाघ आहे? ताईच्या मांडीवर बसून जेवते ती."

तेही खरं. माझ्यापाशी येतं, ताईंपाशी येत नाही. गणित काय माणूस बघून येतं?

जूनमध्ये शाळेत परत घालायची तर तिथे तोंडी चाचणी घेणार आहेत. माझ्यापाशी नाही, तिथल्या बाईंपाशी. जमलं तर दुसरीत, नाही तर पुन्हा पहिली.

१४ मार्च

माझे डोळे आलेत. लालभडक. सगळं बंद, प्रुफंसुद्धा. नवऱ्याचा वेल्डिंगचा नव्हे, साधा काळा चष्मा लावून बसलेय. हे अंदाजानेच लिहितेय, ओळी वरखाली होणार.

१६ मार्च

डोळे बरे नाहीत, पण अभ्यास बुडायला नको म्हणून चष्मा लावूनच बसले. पाच आणि तीन.

"सहा."

मी थांबले. "सात," ती म्हणाली. मग "नऊ." मग पुन्हा "सहा."

अगं, हे तर पहिलीच्या पहिल्या धड्यातलं. मी वायसर तिच्यापुढे सरकवले. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली, मान वाकडी करून, चष्म्याच्या बाजूने आत डोकावल्यासारखी.

"आई, चष्मा काढ ना."

"कशाला?"

"मला दिसत नाहीये."

"तुला काय दिसायचंय? वायसर समोरच आहेत."

"तू दिसत नाहीस."

लगेच उजेड पडला नाही माझ्या डोक्यात. चिडले मी. म्हटलं, माझ्या तोंडावर काय लिहिलंय का. तर ती अगदी सरळपणे म्हणाली, "हो."

चष्मा काढून तिला समोर बसवलं. म्हटलं, सांग, काय लिहिलंय. तिने बोट लावून दाखवलं. "बरोबर असलं की इथे गाल सैल होतात. चुकलं की ही भुवई." डावी. छापखान्यात सगळे चिडवायचे, बाईंची भुवई उडाली, चूक सापडली. "आणि खूप चुकलं की तू हसतेस."

"खूप चुकलं की हसते?"

"हो. खोटं."

१७ मार्च

आरशासमोर उभी राहून स्वतःला गणितं घातली. पाच आणि तीन नऊ, असं मोठ्यांदा म्हणाले. गेली वर भुवई. थांबवायचा प्रयत्न केला, जात नाही. दाराआडून मुंगी बघत होती. "बघ," म्हणाली.

म्हणजे ऑक्टोबरपासून मी तिला काय शिकवलं? तिने कुठलाही आकडा टाकायचा, माझा चेहरा बघायचा, दुसरा टाकायचा. त्रेचाळीस वजा सतरासुद्धा? विचारलं. एकेक अंक लिहिताना ती माझ्याकडे बघायची. पेन्सिल टेकवायच्या आधीच. मला वाटायचं, किती आत्मविश्वासाने मान वर करते.

गोष्ट अशी की ती मुळीच मंद नाही. हे करायला डोकं लागतं. पण ते गणित नव्हे. पळत होती ती मीच होते. पुस्तकं संपवत होते.

मागे जायचं तर किती मागे?

१९ मार्च

विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "शाळेत बाईंच्या तोंडाकडे पण बघायचीस?"

"बाईंचं कळायचं नाही. त्या फळ्यावर लिहिता लिहिता विचारायच्या. तिकडे तोंड करून."

"मग?"

"मग पोटात दुखायचं."

आणि मी बाईंवर किती राग धरला होता! त्या बिचाऱ्या फक्त फळ्यावर लिहीत होत्या.

पण मग हे बघणं आलं कुठून? शाळेच्या आधीपासून होतं तर घरातूनच आलं. कुणाकडून? नवरा म्हणाला, "उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. लहान मुलं बघतातच." बघत असतील. मला काही सुधरत नाही.

२२ मार्च

पाचपर्यंतच. ठरवलं. दुसरीचं पुस्तक कपाटावर टाकलं.

ताईंना फोन करणार होते, कसं करू म्हणून. नंबर लावला आणि ठेवून दिला. आमचे आम्ही जमिनीवर बसलो, पाठीला पाठ लावून. तिच्यापुढे वायसर, माझ्यापुढे भिंत.

"चार. त्यातला एक झाक. बाहेर किती?"

बराच वेळ वायसर सरकल्याचा आवाज. "आई, झोपलीस?"

"नाही."

"तीन. बरोबर का?"

"मोजून बघ."

"तू सांग ना."

"मोज ना, मुंगी."

ती रडायला लागली. वळून जवळ घ्यावंसं वाटलं, पण वळले असते तर पुन्हा चेहरा. मी तशीच बसले. मलाही रडू आलं, आवाज न करता. तर मागून म्हणते, "तुझी पाठ हलतेय."

पाठसुद्धा वाचते. काय करू या पोरीचं!

३० मार्च

सहावर अडलोय. एक आणि पाच, दोन आणि चार, रोज तेच. आज म्हणाली, "सहा संपतच नाहीये." चिडून वायसर दिवाणाखाली भिरकावले. मग दोघी पोटावर झोपून काठीने ते काढत होतो. पाच निघाले. "अजून एक आत आहे," ती म्हणाली आणि पुन्हा आत घुसली.

ती काय बोलली ते तिला कळलं की नाही, कोण जाणे. हे येणं म्हणायचं का?

नवरा कपाटावरचं पुस्तक बघून म्हणाला, "सहापर्यंतच? जूनमध्ये काय सांगणार आपण? वर्ष जाईल तिचं." चेहरा असा उतरला की मी लगेच म्हणाले, "नाही नाही, करते मी काहीतरी." काय करणार आहे?

६ एप्रिल

आज तिने "सात" म्हटलं. मग "थांब." वायसरांचा आवाज. मग "आठ." मी भिंतीकडेच बघत होते. मला वाटलं, आता विचारेल. ती म्हणाली, "आठच."

त्या "च"साठी मी काहीही देईन. मला विचारलं नाही. उठून पाणी प्यायला गेली.

नवऱ्याला सांगितलं. "आठ ना? हं," म्हणाला. मग जरा थांबून, "पण त्रेचाळीस वजा सतरा कधी?"

मला वाटलं होतं त्याला आनंद होईल. मग मलाही तो तितकासा राहिला नाही. असं का व्हावं?

११ एप्रिल

दुपारी जेवताना नवऱ्याने विचारलं, "मग काय, जूनमध्ये शाळेत घालायची ना? काय वाटतं तुला?" मी घास खाली ठेवून वर पाहिलं, तेवढ्यात मुंगी म्हणाली, "बाबा, तू तिकडे तोंड करून विचार. आई तुझ्याकडे बघून सांगते."

तो हसला. मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला, आणि खरंच खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला, ताट मांडीवर घेऊन. "सांग."

मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मला उत्तर येत नव्हतं.

"नाही," मी शेवटी म्हणाले. "यंदा नाही घालायची."

त्याचा चेहरा कसा झाला, मला माहीत नाही.