मायाळू पोरगी

१४ डिसेंबर

ती. आत्यास,
खारूचा सा. न. वि. वि.

परवा माझ्या होणाऱ्या सासूबाई दुकानात आल्या. मी सकाळपासून चष्म्यांना काड्या बसवत होते, बोटं गारठलेली. त्यांनी माझा हात हातात घेतला, मीही धरला, आणि मग तो सुटेना. तुला वेगळं सांगायला नको. मी नुसती हसत उभी. बाईंचे डोळे भरून आले. घरी जाऊन लेकाला म्हणाल्या, पोरगी फार मायाळू, तिला हात सोडवत नव्हता.

त्याला आपला आजार ठाऊक आहे. तो म्हणतो, आईला लग्नानंतर सांगू. मला ते पटत नाही आणि आधी सांगायचा धीर होत नाही. मोडलं तर? मला तो फार आवडतो गं.

लोभ आहेच, सध्या जरा जास्तच असू दे.
तुझी खारू

२० डिसेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की जबडाच आवळला. मापं द्यायला आलेली बाई घाबरून गेली.

तुझे बाबा, मी, तू. आपला स्नायू आवळला की सैल व्हायला वेळ घेतो, हे रक्तातूनच आलंय. त्यात लाज कसली? पण तुझ्या मुलांनाही ते होण्याची शक्यता निम्मी, आणि हे बाईंना आधी कळायला हवं. गुळमुळीत बोलू नकोस. मोडलंच तर माझ्याकडे येऊन पोटभर रड. काजं करायला मला माणूस हवंच आहे.

कळावे, काळजी करणारी
आत्या

१० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न.

सांगितलं सगळं. मुलांचंही, आणि थंडीत हातपाय जास्त आखडतात तेही. बाई उठून आत निघून गेल्या. नंतर कितीतरी दिवस निरोप नाही. माझा जीव टांगणीला.

काल बोलावून घेतलं. आधी रागावल्याच. मायाळू म्हणून साऱ्या गल्लीला सांगून बसले, आता काय सांगू, म्हणाल्या. मी म्हटलं, मायाळूही आहे मी. तेव्हा कुठे हसल्या.

मग आतली खोली दाखवली. त्या घरात ऊन येतं ते तेवढ्याच खोलीत, आणि इतकी वर्षं ती त्यांची. कपाट रिकामं केलेलं. ही तुम्हा दोघांना, म्हणाल्या. त्यांचं अंथरूण मागच्या गार खोलीत गेलं होतं. मी नको नको म्हणत राहिले, तर म्हणाल्या, तुझ्यासाठी कोण देतंय, नातवंडालाही तुझ्यासारखी ऊब लागली तर?

लग्नाला चार दिवस आधीच ये. आशीर्वाद समोर बसून घेईन.
तुझी खारू